आधी अंगठ्याला विचारा

गेमिंग माऊसच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा डीपीआयचा असतो, आणि माऊस निवडताना सगळ्यात कमी उपयोगाचाही तोच. पंचवीस हजारांच्या घरातले आकडे हल्ली सर्रास दिसतात. प्रत्यक्षात काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट मन लावून खेळणारे बहुतेक जण ४०० ते १६०० च्या दरम्यान खेळतात. पोलिंग रेट १००० हर्ट्झ असला की माऊस दर मिलिसेकंदाला आपली हालचाल संगणकाला कळवतो. तेवढं पुरतं, आणि आता स्वस्तातल्या माऊसमध्येही ते मिळतं. बटणं तुमच्या अंगठ्याखाली नेमकी कुठे येणार, हे मात्र कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं.

मला ते कळलं एका बारा बटणांच्या माऊसमुळे. आतेभाऊ परदेशी निघाला तेव्हा टेबल रिकामं करताना त्याने तो माझ्या हातात ठेवला. अंगठ्याच्या बाजूला एकाला एक लागून बारा बटणं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारख्या खेळात डझनभर मंत्र-तंत्र हाताशी लागतात, त्यांच्यासाठी ही मांडणी ठीक आहे. मी खेळायचो व्हॅलोरंट, जिथे दोन बटणं पुष्कळ झाली. त्यातलं एक मी माइकला दिलं होतं. कमी सेन्सिटिव्हिटीवर खेळताना माऊस पॅडच्या कडेला पोचला की उचलून पुन्हा मध्ये आणावा लागतो, आणि उचलताना पकड असते एकीकडून अंगठ्याची, दुसरीकडून अनामिका-करंगळीची. अंगठा दाबला गेला की माइक चालू! संघातल्या चार अनोळखी पोरांनी आईची "ताट वाढलंय, येतोस की झाकून ठेवू?" ही हाक इतक्यांदा ऐकली, की शेवटी एक जण म्हणाला, "भाई, पहले जाके खा ले."

एवढ्यावर भागतं तर बरं होतं. बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून अंगठा अधांतरी राहू लागला, तोही दिवसभर, कारण ऑफिसचं कामही त्याच माऊसवर. काही आठवड्यांत अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला ठणका सुरू झाला. तांब्या उचलताना कळ यायची. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घ्यायला लावून मनगट करंगळीकडे वाकवलं, तेव्हा मी जवळपास ओरडलोच. अंगठ्याच्या कंडरांना सूज आली होती. मनगटाला पट्टा लागला आणि माऊस कपाटात गेला.

तर्जनी आणि मधल्या बोटाला नेमून दिलेलं काम असतं, पण अंगठ्याला दोन करावी लागतात: माऊस धरायचा आणि बटणंही दाबायची. म्हणून बाजूच्या बटणांखाली अंगठा टेकवायला मोकळी जागा हवीच. दुकानात माऊस हातात आला की डोळे मिटा आणि हात जसा सहज पडेल तसा पडू द्या. आता पकड न बदलता पुढचं बटण दाबा, मग मागचं. अंगठा ताणावा लागला किंवा तळहात सरकला, तर तो माऊस तुमचा नाही; खेळात ऐन वेळी तेवढ्याच सरकण्याने नेम चुकतो. नंतर माऊस उचलून बघा. उचलताना एखादं बटण 'टक' वाजलं, तर खाली ठेवून द्या. दोन बटणांमधली फट अंगठ्याला न बघता कळली पाहिजे. चाकामागचं डीपीआयचं बटण फार उठून आलेलं असेल तर तेही भलत्या वेळी दाबलं जातं.

पूर्ण तळवा टेकवणाऱ्याला मागून उंच, लांबट माऊस लागतो, तर नुसत्या बोटांच्या टोकांनी धरणाऱ्याला आखूड आणि हलका. वजनातला फरक लहान नसतो. लॉजिटेकचा जी ५०२ हिरो १२१ ग्रॅमचा, तर त्याच कंपनीचा सुपरलाइट ६३ ग्रॅमच्या आसपास. मला हलका आवडतो, पण तो हाताच्या मापाचा नसेल तर हलकेपणाचा काही फायदा नाही.

डावखुऱ्यांनी जास्त सावध राहावं. 'दोन्ही हातांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक माऊसचा फक्त आकार दोन्हीकडून सारखा असतो. बटणं एकाच बाजूला, उजव्या अंगठ्यासाठी. डाव्या हातात ती करंगळीखाली येतात. दोन्हीकडे बटणं असणारे किंवा ती काढता-घालता येणारे माऊस मोजकेच आहेत, त्यामुळे दुकानदाराला नेमकं तेच विचारा.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली; तिथे पायपीट करून चार माऊस हातात घेऊन बघणं सगळ्यात चांगलं. ऑनलाइनच घ्यायचा असेल, तर खोकं उघडल्यावरही परत घेतात का, हे पैसे भरण्याआधी वाचा. बऱ्याच ठिकाणी फक्त बिघाड असला तरच बदलून देतात, आणि हाताला न बसणं हा विकणाऱ्याच्या लेखी बिघाड नसतो.