उपग्रहासाठी भूकेंद्राचा शोध : संगणकाची रीत आणि उज्जैनचे एक उदाहरण

उज्जैनच्या वेधशाळेत सम्राटयंत्रापुढे उभे राहून हातातील घड्याळ पाहिले, तर दोहोंची वेळ जुळत नाही. घड्याळ ८२ अंश ३० कला रेखांशावरील प्रमाणवेळ दाखविते. यंत्र उज्जैनची, म्हणजे सुमारे ७५ अंश ४६ कला रेखांशाची, स्थानिक वेळ दाखविते. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने हा फरक सुमारे २७ मिनिटांचा होतो. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेली ही वेधशाळा माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करविली. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत रेखांशाची गणना उज्जयिनीवरून जाणाऱ्या मध्यरेखेपासूनच होई, आणि अन्य गावांच्या गणितास देशांतर-संस्कार द्यावा लागे. उपग्रहाचे संदेश ऐकू इच्छिणाऱ्यासही प्रथम हेच पाहावे लागते : आपले स्थान कोणते आणि आपली वेळ कोणती?

उपग्रहाशी संपर्क साधणाऱ्या जमिनीवरील केंद्रास भूकेंद्र म्हणतात. पुणे जिल्ह्यात आर्वी येथे १९७१ मध्ये सुरू झालेले भूकेंद्र अनेक वाचकांस ऐकून ठाऊक असेल. तेथील तबकडीचा व्यास सुमारे ३० मीटर होता. असे केंद्र ज्या भूस्थिर उपग्रहाकडे पाहते, तो सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीवरून पाहता एकाच जागी राहतो. ७४ अंश पूर्व रेखांशावरील भूस्थिर उपग्रह उज्जैनहून जवळजवळ दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे ६३ अंश उंचीवर असतो. तबकडी एकदा त्या दिशेस बसविली की शोधाचा प्रश्न मिटला.

खरी अडचण खालून फिरणाऱ्या लहान उपग्रहांची आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलोग्रॅम वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी कक्षेत सोडण्यात आला. जमिनीपासून ५०० किलोमीटरच्या आसपास फिरणारा असा उपग्रह सुमारे ९५ मिनिटांत एक प्रदक्षिणा करतो. तेवढ्यात त्याच्याखाली पृथ्वी जवळजवळ २४ अंश फिरलेली असते. एखाद्या गावाच्या क्षितिजावर तो फार तर अकरा मिनिटे राहतो, आणि दिवसाचा बहुतेक वेळ त्या गावास दिसतच नाही. त्या वेळी त्याचे संदेश कोणी ऐकावयाचे?

या प्रश्नातूनच ‘सॅटनॉग्स’ हे जाळे निर्माण झाले. ग्रीसमधील हौशी तंत्रज्ञांनी २०१४ मध्ये त्याचा आरंभ केला. त्याची आज्ञावली सर्वांस विनामूल्य खुली आहे. जाळ्यातील प्रत्येक भूकेंद्राचे अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, अँटेनास झेपणाऱ्या वारंवारता आणि किती अंशांवरचे आकाश मोकळे आहे, एवढी माहिती नोंदलेली असते. उपग्रहाच्या बाजूने त्याच्या कक्षेचे वर्णन हवे. ते प्रत्येकी ६९ अक्षरांच्या दोन ओळींत मावते. संगणक या दोन्ही नोंदी ताडून पाहतो आणि कोणत्या केंद्रावर उपग्रह केव्हा, कोणत्या दिशेस उगवेल व केव्हा मावळेल, हे सांगतो.

‘मोकळे आकाश’ हा रकाना किरकोळ समजू नये. ५०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाच्या पायाखालचे स्थान उज्जैनपासून सुमारे २,४०० किलोमीटरांच्या आत आले की तो तेथील क्षितिजावर येतो. परंतु भोवतीची घरे, झाडे वा टेकडी यांनी खालचे दहा अंश झाकले असतील, तर हे अंतर सुमारे १,५५० किलोमीटरांवर येते. क्षेत्रफळ पाहिले तर निम्म्याहूनही कमी.

अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल ही नवशिक्यांची नेहमीची चूक. उज्जैनचे २३.१८ आणि ७५.७७ हे आकडे उलट लिहिले, तर केंद्र नॉर्वेच्या उत्तरेस थंड समुद्रात जाऊन पडते! (गंमत अशी की, त्याच्याही उत्तरेस स्वालबार्ड बेटांवर खरोखरीच एक मोठे भूकेंद्र आहे, ध्रुवांवरून जाणारे उपग्रह त्यास प्रत्येक फेरीत दिसतात.) वेळेची चूक तितकीच घातक. ही गणिते जागतिक वेळेत होतात आणि आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. पंधरवड्यापूर्वीच्या कक्षा-नोंदीवर विसंबणेही बरे नाही. खालच्या कक्षेत विरळ का होईना, हवेचा विरोध असतो, आणि त्यामुळे उपग्रह गणितातील जागेपासून हळूहळू सरकत जातो.

ज्या शाळांना हा प्रयोग करावयाचा आहे, त्यांनी प्रथम गच्चीवर उभे राहून चारही दिशांस आकाश किती अंशांपासून मोकळे आहे ते मोजावे. कोनमापक, दोरा आणि ओळंबा पुरेसा आहे. संदेश पाठवावयाचे असल्यास हौशी रेडिओचा परवाना घ्यावा लागतो. स्थान नोंदविल्यावर ते नकाशावर आपल्याच गावी पडते ना, हे विद्यार्थ्यांकडून पाहून घ्यावे, आणि मगच उपग्रहाचे नाव संगणकास द्यावे.