कानामागून आली, तिखट झाली

मनू, तू पाठवलेले सातही रील पाहिले. दोनदा पाहिले, कारण ती मुलगी इतकं भराभर बोलते की कॉफी चेहऱ्याला लावायची की प्यायची, हेच पहिल्यांदा कळेना. मध्येच तुझ्या आईचा फोन: "ताई, तू सांग गं तिला. चेहऱ्याचं वाटोळं करून घेईल. तुझंच ऐकते ती."

आता ते काही मी सांगणार नाही. सांगलीत 31 वर्षं दोन खुर्च्यांचं पार्लर चालवलेल्या बाईने भाचीला "काही लावू नकोस" म्हणायचं, म्हणजे हलवायाने साखरेला नावं ठेवायची. लाव, काप, रंगव, नेस. सव्विसाव्या वर्षी नाही करायचं तर कधी? फक्त 11 डिसेंबरच्या लग्नात तू मांडवात दिसावीस, एवढीच माझी इच्छा.

पहिली गोष्ट कानातच सांगते, म्हणजे कानामागे. तुझी पणजी सारखं म्हणायची, "कानामागून आली नि तिखट झाली." ती म्हणायची ते धाकट्या जावेला. मी म्हणते ते केसांच्या रंगाला.

2003 साली एका मुंजीला जायचं म्हणून दोन दिवस आधी केस रंगवले. नेहमीचंच पाकीट, नेहमीचाच काळा. नऊ वर्षं तोच रंग मी लावत होते आणि गिऱ्हाइकांनाही लावत होते. रात्री कानाच्या पाळ्या खाजायला लागल्या. वाटलं, डास असेल. मुंजीच्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. पापण्या टम्म फुगलेल्या पुरीसारख्या, कपाळावर केसांच्या कडेने पाण्याचे बारीक फोड. मुंज राहिली, दवाखाना झाला. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: पक्क्या गडद रंगांत बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं. ते नऊ वर्षं गप्प बसतं आणि दहाव्या वर्षी उठतं. एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं की ते सहसा जन्मभर सुटत नाही. घरी येऊन पाकिटातला कागद पहिल्यांदा वाचला. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की दर वेळी रंगवण्याआधी 48 तास चाचणी घ्या. दर वेळी! आणि मी पार्लरवाली.

तेव्हापासून माझ्या दुकानात नियम झाला. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला तुरीच्या डाळीएवढा ठिपका, वाळू द्यायचा, पुरे दोन दिवस वाट बघायची. खाज, लाली, सूज, काहीही आलं तर तो रंग तुझा नाही. क्रीम किंवा सीरम असेल तर थोडा जास्त धीर धर: कोपराच्या आत, त्याच जागी, दिवसातून दोनदा, आठवडाभर. कितीतरी बायका चिडून दुसऱ्या पार्लरला गेल्या. गेल्या तर गेल्या.

मेंदीच्या बाबतीतही तेच. तुझ्या आजीच्या अंगणात कुंपणाला मेंदी होती. आम्ही पाला ओरबाडायचो आणि ती पाट्यावर वाटायची. ती मेंदी धुतल्यावर हात नारिंगी दिसायचे आणि आम्ही रडायचो, की रंगलीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती आपोआप गडद व्हायची. खरी मेंदी अशीच असते, आधी केशरी आणि मग तपकिरी-लाल. म्हणून ती कार्याच्या दोन दिवस आधी काढतात, आदल्या रात्री नाही. "पाच मिनिटांत काळी" असा कोन कुणी जत्रेत किंवा मॉलच्या दारात धरला तर हात मागे घे. मेंदीचा पाला काळा रंग देतच नाही. तो काळेपणा त्याच पीपीडीचा असतो, आणि इथे तर तो थेट कातडीवर. ज्यांना लहानपणी तसली मेंदी बाधते, त्यांना पुढे केसांचा रंगही बाधू शकतो.

केसांना मेंदी लावायची असेल तर खुशाल लाव. लोखंडी कढई, चहाचं कोमट पाणी, रात्रभर भिजवण. पण केस तेलकट नकोत, रंग धरत नाही. आणि माझ्यासारख्या पांढऱ्या केसांवर नुसती मेंदी म्हणजे गाजर. त्यावर दुसऱ्या खेपेला इंडिगोची पूड लावली की काळ्याकडे झुकतं. ती मात्र कालवली की लगेच लावायची, ठेवली की वाया. इंडिगो म्हणजे निळीच्या झुडपाचा पाला, कपड्यांची नीळ नव्हे. हसू नकोस, एक बाई ती लावून आली होती. उशी, मान, पांढरी भिंत, सगळं निळं.

आता स्वयंपाकघर. रीलवाल्यांना फ्रिज उघडल्याशिवाय चैनच पडत नाही. "घरचं आहे, म्हणजे निर्धोक" हे वाक्य मी 31 वर्षं ऐकलं आणि निम्मी भाजलेली तोंडं त्याच वाक्याने आणली. लिंबू घे. आंबटपणा मोजायची पट्टी असते, पीएच म्हणतात तो. त्यात कातडी 5 च्या आसपास, लिंबाचा रस 2 च्या आसपास. आकडा खाली गेला की आंबटपणा एकेका पायरीला दहापट वाढतो. वर लिंबाचा रस अंगावर ठेवून उन्हात गेलं की त्या जागी कातडी भाजते आणि मागे तपकिरी डाग राहतात, ते महिनोन् महिने जात नाहीत. सरबत करताना हातावर सांडलं आणि तशीच उन्हात वाळवणं घालायला गेलीस, तरी असे ओघळ उमटतात. खायचा सोडा त्याच्या उलट बाजूचा, तोही नको. मुरुमावर टूथपेस्ट नको. कॉफीचा चोथा टाचांना, गुडघ्यांना चोळ, चेहऱ्याला नाही. दाण्याला कडा असतात.

मग लावायचं काय? बेसन आणि दूध. मसुराचं पीठ. दही सोसत असेल तर दही. उटणं लावणार असशील तर वस्त्रगाळ केलेलं. बाजारच्या पुडीतला नागरमोथा आणि कचोरा कधी कधी इतका जाड असतो की नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडची पोरं अंघोळीआधीच किंचाळायची. जुन्या मलमलीच्या साडीतून एकदा गाळून घे. आणि हळद चिमूटभरच. चेहरा पिवळा घेऊन ऑफिसला गेलीस की सगळे विचारतील, साखरपुडा झाला का.

काचेसारखी त्वचा म्हणतात, त्याबद्दल माझं मत ऐक. त्या मुलीच्या चेहऱ्यासमोर गोल दिवा आहे. तिच्या डोळ्याच्या बुबुळात बघ, पांढरं कडं दिसतं. तो दिवा विझला की ती तुझ्या-माझ्यासारखीच. चेहऱ्यावर छिद्रं असतात, असायलाच हवीत. तिची ती सात बाटल्यांची रांग मात्र एकदम आणू नकोस. एका वेळी एकच नवी गोष्ट, मध्ये दोन-तीन आठवडे. सातही एका रविवारी सुरू केल्यास आणि बुधवारी पुरळ उठलं, तर चोर कोण हे मीही सांगू शकणार नाही. रेटिनॉल फक्त रात्री, आठवड्यातून दोनदा, मटारएवढं. दिवस गेलेल्या बाईने अजिबात नाही. सनस्क्रीन मात्र रोज: तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन रेघा ओढायच्या, तेवढं चेहरा-मानेला. उन्हात असशील तर दर दोन तासांनी पुन्हा. 30 एसपीएफ आणि 50 एसपीएफ यांच्यात जेमतेम एका टक्क्याचा फरक आहे, पण लोक महागातली 50 ची ट्यूब आणतात आणि पुरवून पुरवून लावतात.

फाउंडेशनची छटा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली घेऊ नकोस. जबड्याच्या कडेला बोटभर लावायचं, दुकानाबाहेर येऊन उन्हाच्या उजेडात आरशात बघायचं. रेघ दिसली नाही की ती तुझी छटा. मनगटावर लावून बघतात त्या बायकांना मी विचारायचे, "मनगटाने लग्नाला जाणार का?"

गोरेपणाचं वेड काही रीलने आणलेलं नाही. तुझ्या आजीच्या फळीवर अफगाण स्नोची बाटली होती. 1975 मध्ये फेअर अँड लव्हली आलं, 2020 मध्ये नावातलं 'फेअर' गेलं, वेड राहिलं. तेव्हा एवढं ऐकच: ज्या डबीवर कारखान्याचं नाव, बॅच नंबर आणि मुदत नाही, ती डबी उघडायचीसुद्धा नाही, मग ती कुणीही देवो. 2023 साली अकोल्याची बातमी होती. एका घरातल्या आई आणि मुलींना मूत्रपिंडाचा आजार झाला, आणि लावत होत्या त्या क्रीममध्ये पारा निघाला. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या ट्यूबचंही तसंच. पहिला महिना चेहरा उजळतो, म्हणून बाई पाच मैत्रिणींना सांगते. नंतर कातडी कागदासारखी पातळ, लाल शिरा, पुरळ, उन्हात आग, आणि ट्यूब सोडली की सगळं दुपटीने. असे चेहरे माझ्या खुर्चीत बसायचे. मी हात न लावता त्यांना त्वचेच्या डॉक्टरकडे धाडायचे.

टिकलीचं सांगते, कारण ते कुणी रीलवर सांगत नाही. तुझी आजी आधी मेण लावून पिंजर लावायची. लाकडी करंड्यात एका कप्प्यात मेण, एकात पिंजर. करंगळीच्या टोकाने मेणाचा गोल, त्यावर अनामिकेने पिंजर, मग फुंकर. पुढे पाकिटातली चिकटवायची टिकली आली आणि करंडा देव्हाऱ्यात गेला. काही वर्षांनी एके दिवशी ती टिकली काढून तोंड धूत असताना मला दिसलं: टिकलीच्या जागी टिकलीएवढाच पांढरा गोल. ती घाबरली, कोड समजून दोन महिने कुणाला दाखवेना. टिकलीच्या डिंकातल्या रसायनाने कातडीचा रंग गेला होता. टिकली सोडली तरी तो पुरता भरून आला नाही, पण वाढला नाही. शेवटपर्यंत ती त्यावर मेण-पिंजरच लावायची.

तू लाव टिकली. आता मोठ्या काळ्या टिकलीची हवा आहे, तुझ्या चेहऱ्याला ती शोभते. रात्री काढून टाक. आरशावर चिकटवून ठेवून तीच चार दिवस वापरू नकोस. (मला माहीत आहे, तुझ्या बाथरूमचा आरसा मी बघितलाय.) जागा खाजली की त्या दिवसापासून बंद.

कपाळावर बटा कापायच्या असतील तर ओल्या केसांवर कात्री लावू नकोस. ओले केस ताणून लांब दिसतात, वाळले की वर चढतात, आणि तुझे तर कुरळे. कोरडे कर, बोटांत सैल धर, कात्री आडवी नाही, उभी, टोकांना चावे घेत. हव्या त्यापेक्षा दोन बोटं लांब ठेव आणि झोप. सकाळी पटलं तर अजून काप. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. भुवईपर्यंत चुकून गेलीस तर गालाच्या हाडापर्यंत यायला पाच महिने, म्हणजे लग्न होऊन जाईल. भाजीची कात्री तर बिलकुल नको.

भुवयांना हात लावू नकोस. नव्वदच्या दशकात पेन्सिलच्या रेघेसारख्या भुवया हव्या असायच्या. मी दोऱ्याने ओढून ओढून केल्या. त्यातल्या काही बायकांच्या त्या परत आल्याच नाहीत. आता जाड भुवयांचं आलं तर त्या पेन्सिलने भरतात, आणि रस्त्यात भेटल्या की मीच नजर चुकवते.

कपड्यांचं थोडक्यात. शिवलेली नऊवारी घाल, त्यात काही कमीपणा नाही. पण आधी घरी दोन तास घालून जिना चढ-उतर, पंगतीसारखं खाली बस, जेव. दाबायची नथ 20 मिनिटांत कळवळायला लावते, म्हणून तीही घरी आठ दिवस थोडी थोडी घाल. खणाचा ब्लाउज, मोठी नथ, ठुशी, बुगड्या आणि लालभडक ओठ हे सगळं एकाच दिवशी नको, दोन गोष्टी ठेव, बाकीच्या हळदीला वापर. कोल्हापुरी नवी असेल तर आतून एरंडेल चोळून ठेव आणि रोज संध्याकाळी तासभर घरात कर्रकर्र करत फिर. शेजारी तक्रार करतील, पण लग्नात पायाला फोड येणार नाही. आजीची पैठणी माझ्याकडे आहे. घडी बदलून, मलमलीत गुंडाळून ठेवलीय. ती तुला देईन, पण तिच्यावर अत्तर-परफ्यूम फवारायचं नाही.

केसांना तो वाइन रंग तुला हवाच आहे ना? दिवाळीनंतरच्या गुरुवारी संध्याकाळी कानामागे ठिपका दे आणि मला फोटो पाठव. शनिवारी संध्याकाळपर्यंत काही झालं नाही, तर रविवारी सकाळची गाडी धर, मी लावून देते. दुकानात आता मोबाइलवाला बसतो, पण एक खुर्ची मी घरी आणून ठेवलीय. केसांना तेल लावून येऊ नकोस, आणि रंगाचं पाकीट आतल्या कागदासकट आण.