रात्रीच्या फेऱ्या आणि शिरोड्याचं मीठ

साठीनंतर माणसं तीर्थक्षेत्रं पाठ करतात. मी शिरोडा ते सावंतवाडी वाटेवरच्या मुताऱ्या पाठ केल्या. त्या ओघात कळलेलं थोडं:

१. वयाला दोष देणं फार सोयीचं असतं. ‘वय झाला, आता ह्यां असांच चलतला,’ असं शेजारी म्हणाले आणि मला पटलं. डॉक्टरांपुढे ‘लघवी’ म्हणण्यापेक्षा म्हातारं होणं सोपं वाटत होतं.

२. कितीदा, याइतकंच किती, हेही महत्त्वाचं. डॉक्टरांनी मापाचा मग आणि वही ठेवायला लावली. असला जमाखर्च जन्मात लिहिला नव्हता! दर खेपेला भरपूर होत असेल तर साखर तपासायची. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढते. थोडी थोडी होत असेल तर प्रोस्टेट, चिडलेलं मूत्राशय किंवा जंतुसंसर्ग.

३. रात्रीच्या फेऱ्यांचं मूळ पायांतही असू शकतं. संध्याकाळी पावलांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठायचे. पायांत उतरलेलं हे पाणी आपण आडवे झालो की रक्तात परततं. आता तिन्हीसांजेला पाय उंच ठेवून पडतो. घरात त्याला आळस म्हणतात.

४. मीठही झोप मोडतं. नागासाकीच्या संशोधकांनी २०१७ साली मांडलेल्या अभ्यासात, रोजचं मीठ सरासरी १०.७ वरून ८ ग्रॅमवर आणणाऱ्यांचं रात्रीचं उठणं २.३ वरून १.४ वेळांवर आलं. १९३० साली ज्या गावात मिठासाठी सत्याग्रह झाला, तिथे राहून मी खारा बांगडा सोडायचा!

५. पाणी तोडून सुटका नाही. लघवी गडद होते, उन्हाळी लागते, धावपळ उलट वाढते. बाजारात दिवसभर मासे विकणाऱ्या बायका आडोसा नाही म्हणून घोटभर पाण्यावर दिवस काढतात. त्यांच्यापुढे माझी कुरकुर कसली?

६. बोललं की सोबती सापडतात. दशावताराला कडेची जागा धरणारे आम्ही सगळे एकाच पंथातले निघालो. एकाची लघवी वाढवणारी प्रेशरची गोळी रात्रीची होती. डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितली आणि तो झोपू लागला. तुमचं कारण आणखी वेगळं असेल. वही ठेवून बघा. पण लघवीत रक्त दिसलं, थंडी-ताप आला किंवा लघवी अडली, तर वही राहू दे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.