पोस्टरवर 499, घरी पोचेपर्यंत दोन हजार

मित्रांबरोबर क्लबात जाऊन बँड ऐकायचा, तर बहुतेक वेळा तिकीट हा सगळ्यात किरकोळ खर्च असतो. मुंबई-पुण्यात चौघांची शनिवारची रात्र म्हणजे माणशी दीड ते अडीच हजार धरून चला. दारू न पिणाऱ्याचं हजार-बाराशेत भागतं. याहून स्वस्तातही जमतं, पण त्यासाठी घरून निघण्याआधी एक फोन करावा लागतो.

फोन क्लबाला. विचारायचं एवढंच: दारात पैसे कसले घेता? उत्तरं तीन येतात आणि तिन्हींचा हिशोब वेगळा.

एक, तिकीट. हे फक्त आत जाण्याचं, खाणंपिणं वेगळं. स्वतःची गाणी करणारे बँड बहुधा अशाच ठिकाणी ऐकायला मिळतात. मुंबईत लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमधलं अँटीसोशल, पुण्यात कोरेगाव पार्कच्या बाजूचं हाय स्पिरिट्स ही अशा जागांतली जुनी नावं. तिकीट साधारण 300 ते 1000. मोठं नाव असेल तर त्याच्या दुप्पट.

दोन, कव्हर चार्ज. दारात भरलेली रक्कम आतल्या बिलातून वजा होते, असं सांगतात. इथे खोदून विचारा. पूर्ण वजा होते की अर्धीच? खाण्यावर चालते की फक्त दारूवर? चौघांची एकत्र वापरता येते की प्रत्येकाची वेगळी? वजावट कर लावण्याआधी की नंतर? आणि किती वाजेपर्यंत? उरलेले पैसे कुणी परत देत नाही. हजाराचं कव्हर भरून रात्री साडेबाराला आत शिरलात, तर शेवटच्या ऑर्डरपर्यंत तेवढं संपवणंच अवघड.

तीन, ‘एन्ट्री फुकट’. सगळ्यात जास्त सावध इथेच राहा. काही ठिकाणी टेबलाला किमान बिलाची अट असते, काही ठिकाणी ‘लाइव्ह म्युझिक’ म्हणून माणशी रक्कम बिलात येते. यातलं काही लागतं का, हे बसण्याआधी विचारा आणि शक्यतो व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. टेबल राखून ठेवणं म्हणजे तिकीट नव्हे आणि तिकीट म्हणजे टेबल नव्हे. तिकिटाच्या कार्यक्रमात अर्ध्याहून जास्त लोक उभेच असतात. गुडघे दुखणारा कुणी सोबत असेल तर खुर्चीचं आधी बोलून घ्या.

चारही मुलगे असाल तर आणखी एक प्रश्न: ‘स्टॅग’ चालतात का? बँडच्या तिकीटवाल्या कार्यक्रमाला सहसा अडवत नाहीत, पण शनिवारी डीजे असलेल्या जागी दारातूनच परत पाठवतात किंवा जादा पैसे मागतात. तिकीट काढल्यावर हे कळून उपयोग नाही.

आता तिकीट. संगीताच्या कार्यक्रमाचं प्रवेशाचं तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. त्यापुढे 18 टक्के. म्हणजे 499चं तिकीट 499लाच, पण 600चं 708 होतं. पोस्टरवर ‘अधिक कर’ असं बारीक अक्षरात आहे का, ते बघा. बुकमायशो, डिस्ट्रिक्ट यांसारख्या ॲपवर सुविधा शुल्क वेगळं असतं आणि त्या शुल्कावर 18 टक्के कर. शेवटच्या पडद्यावर देणगी किंवा विमा अशी आपोआप खूण केलेली चौकट दिसली तर काढून टाका. किंमत तुकड्यातुकड्यांनी उघड करणं आणि न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणं, दोन्ही केंद्राच्या 2023च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित आहे. चौघांची तिकिटं एकाच व्यवहारात काढा. काही ठिकाणी शुल्क व्यवहारामागे असतं, तिथे तेवढंच वाचतं. सुरुवातीची स्वस्त तिकिटं आधी संपतात आणि दारातलं तिकीट बहुधा महाग असतं. म्हणून ‘तिथे जाऊन बघू’ हा सगळ्यात महागडा बेत.

ऐनवेळी कुणी इन्स्टाग्रामवर ‘मित्र येत नाही, तिकीट घे’ म्हणत असेल तर घेऊ नका. क्यूआर कोड एकदाच चालतो. तोच स्क्रीनशॉट पाच जणांना विकलेला असला तर पहिला आत जातो, बाकीचे चार फुटपाथवर.

कागदपत्रं: फोटो असलेला वयाचा पुरावा, प्रत्येकाचा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी 21, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी 25 पूर्ण लागतात. गोव्यात 18. बरेच क्लब रात्री 21 खालच्यांना आतच घेत नाहीत, मग तुम्ही लिंबू सोडाच पिणार असलात तरी. पुण्यात मे 2024च्या कल्याणीनगर अपघातानंतर दारातली तपासणी कडक झाली आहे. वाहन चालवण्याचा परवाना न्या. आधार दाखवायचंच असेल तर डिजिलॉकरमधून. फोनच्या गॅलरीतला फोटो बाउन्सर नाकारू शकतो. कुणी तुमच्या आधारचा फोटो काढून ठेवू लागला तर नको म्हणा. वय तपासायला बघणं पुरतं.

कायद्याने पिण्याचा परवानाही लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. बार तो तिथेच फाडतात आणि माणशी पाच रुपये बिलात लावतात. ही लूट नव्हे, भांडू नका. महिन्यातून दोनदा जात असाल तर वर्षाचा काढा; दरवेळी पाच-पाच रुपये मोजत बसायला नको.

आत गेल्यावर मेनूकार्डावरचं माप वाचा. पैसे सगळ्यात जास्त इथे गळतात. कडक दारूचा दर बहुधा 30 मिलीचा लिहिलेला असतो. ‘लार्ज’ म्हणालात की 60 मिली, म्हणजे दर दुप्पट. सोडा, टॉनिक, कोला यांचे पैसे वेगळे. तीन पेगांबरोबर तीन टॉनिक झाले की चौथ्या पेगाचे पैसे त्यातच गेले. बिअरमध्ये पाइंट 330 मिलीचा, मोठी बाटली 650ची. चौघांना बिअरच हवी असेल तर पिचरचा दर मिलीच्या हिशोबाने काढून बघा, बहुधा तोच स्वस्त पडतो. ‘एकावर एक’ योजनेत दुसरा पेला लगेच घ्यावा लागतो का, तोच ब्रँड लागतो का, दोघांत वाटून चालतो का, हे ऑर्डर देण्याआधी विचारा. ही योजना बहुधा आठला संपते आणि बँड नऊला सुरू होतो, त्यामुळे साडेसातला पोचणारा गट फायद्यात राहतो: टेबलही बरं, पेयंही स्वस्त. जेवण मात्र बाहेरून करून जा. क्लबातला चखणा दीड माणसाचा असतो आणि दर चौघांचा.

वेटर ‘पाणी रेग्युलर की बाटली’ विचारतो, तेव्हा रेग्युलर म्हणा. बाटलीबंद पाण्याचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने 2017मध्ये हॉटेलांना मुभा दिली आहे, त्यामुळे तिथे वाद घालून काही हाती लागत नाही. मॉकटेलची गंमत अशी, की साखर, बर्फ आणि पुदिन्याला बिअरच्या जवळपासचा भाव असतो. गाडी चालवणाऱ्या मित्राला ताजा लिंबू सोडा मागवा.

बिल आलं की ओळीने वाचा. खाणं आणि बिनदारूची पेयं यांवर जीएसटी 5 टक्के. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं 7,500च्या वर आहे, तिथे 18. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे: परमिट रूममध्ये 10 टक्के (नोव्हेंबर 2023पासून, आधी 5 होता), तारांकित हॉटेलात 20. दारूवर जीएसटी लावलेला दिसला तर बिल परत पाठवा.

त्याखाली 5 ते 10 टक्क्यांचा ‘सर्व्हिस चार्ज’ असतो. तो ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022मध्ये तसं सांगितलं आणि मार्च 2025मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. दुसऱ्या नावाने, म्हणजे ‘स्टाफ वेल्फेअर’ वगैरे लिहूनही तो आपोआप लावता येत नाही. ‘हा काढून द्या’ एवढंच शांतपणे म्हणा; बहुतेक ठिकाणी मॅनेजर मुकाट्याने काढतो. ज्या पोराने तीन तास गर्दीतून ट्रे फिरवला, त्याच्या हातात शंभर-दोनशे रोख ठेवा, ते त्याला नक्की मिळतात.

एक नमुन्याचा हिशोब. चौघे, तिकीट 499: झाले 1,996. ॲपचं शुल्क तिकिटामागे 50 अधिक कर धरला तर 236. खाणं 2,000, त्यावर जीएसटी 100. दारू 3,200, व्हॅट 320. परतीची टॅक्सी 500. एकूण 8,352, माणशी 2,088. सर्व्हिस चार्ज 10 टक्क्यांनी राहू दिलात तर आणखी 520, वर त्यावरचा कर. तोच गट जेवून गेला, ‘एकावर एक’च्या वेळेत प्यायला आणि लोकलने परतला तर माणशी हजार-अकराशेत बसतं.

टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) ठरवताना खाणं सारखं वाटा, पेयं ज्याची त्याने. न पिणाऱ्याला दरवेळी चौथा हिस्सा भरायला लावलात तर तो तिसऱ्यांदा येणार नाही. वेटरला सुरुवातीलाच दोन बिलं करायला सांगा. रात्री एकला कुणी करून देत नाही. कार्ड बारवर ठेवून खातं चालू ठेवू नका. तळघरातल्या जागांना नेटवर्क नसतं आणि यूपीआय अडकतं, म्हणून एकाने तरी हजारभर रोख ठेवावी.

वेळेचं गणित. ‘दार आठला’ म्हणजे बँड नऊ-साडेनऊला आणि मुख्य बँड दहाच्या पुढे. मुंबई-पुण्यात रात्री दीडला बंद, शेवटची ऑर्डर त्याआधी अर्धा-पाऊण तास. उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपक दहाला बंद करावा लागतो. तिथे साडेआठला पोचलात तर अर्धा कार्यक्रम संपलेला. गोव्यात किनाऱ्यावरच्या जागी जाणार असाल तर हे विशेष लक्षात ठेवा. निघण्याआधी ड्राय डे नाही ना तेही पाहा: 2 ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, शिवाय मतदान संपेपर्यंतचे 48 तास. दारू नसली की काही क्लब कार्यक्रमच पुढे ढकलतात.

बॅग लहान न्या. पाण्याची बाटली दारातच काढून घेतात, पुरुषांना चप्पल आणि हाफपँटवरून अडवतात. औषधाच्या दुकानातले फोमचे इअरप्लग स्वस्त असतात, स्पीकरशेजारी उभं राहायचं असेल तर घ्याच.

परतीचं आधी ठरवा. मुंबईत शेवटच्या लोकल चर्चगेट-सीएसएमटीहून साडेबारा-एकच्या सुमारास सुटतात, मग पहाटे चारपर्यंत काही नाही. लोअर परळला रिक्षा मिळत नाही, टॅक्सीच. मध्यरात्री ते पहाटे पाच मीटरवर 25 टक्के जास्त, तेवढंच. दीडला सगळे क्लब एकदम सुटतात आणि ॲपचे दर फुगतात, तेव्हा शेवटच्या गाण्याआधी दहा मिनिटं बाहेर पडा किंवा मुख्य रस्त्यापर्यंत चालत या. पुण्यात मेट्रो अकराच्या सुमारास संपते, पुढे रिक्षावाल्याशी घासाघीस. पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तर दंड दहा हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर परवाना धोक्यात. तासाच्या बोलीवर ड्रायव्हर देणारी ॲप त्याच्या कितीतरी कमी पैशांत घरी सोडतात. व्हॅलेटचे शंभर-तीनशे वेगळे, हे गाडी देण्याआधी विचारा.

खर्चच नको असेल तर बँडचा हट्ट थोडा सैल करा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत काही कार्यक्रम विनामूल्य असतात आणि सभासदांना तिकिटात सवलत मिळते. महालक्ष्मीच्या जी5एमध्ये लोक खरंच ऐकायला येतात, मागे ग्लासांचा खणखणाट नाही. दादर-माटुंगा कल्चरल सेंटरसारख्या संगीत मंडळांच्या मैफली किंवा कोल्हापूरच्या देवल क्लबातली बैठक एका पिचरच्या पैशांत सगळ्या गटाला ऐकून होते. नावात क्लब आहेच.

कार्यक्रम रद्द झाला तर तिकिटाचे पैसे मूळ खात्यात परत येतात. सुविधा शुल्क परत मिळतं का, ते ॲपच्या अटींत पाहा. बँड बदलला, वेळ ढकलली, तरी आयोजकाला त्याच रात्री ईमेल करा. बिलावरून अडले तर पैसे भरा, छापील बिल घ्या, त्याचा आणि मेनूच्या पानाचा फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915वर तक्रार नोंदवा. बाउन्सरशी रात्री दीडला वाद घालू नका. कुणी अडवून ठेवलं किंवा अंगावर आलं तर थेट 112.