नवा बैल कोठे बांधावा?

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात उमापूर नावाचे गाव आहे. मृग नक्षत्र तोंडावर आले, की येथल्या शेतकऱ्याला बैलजोडीची काळजी लागते. समजा, अशाच एका शेतकऱ्याच्या जोडीतील एक बैल थकला, म्हणून त्याने बाजारातून दुसरा आणला. बैल खिलारी, उंच शिंगांचा, सहादाती. संध्याकाळी तो दारात येतो. घरची बाई त्याच्या पायांवर पाणी घालते, कपाळाला कुंकू लावते, भाकरीचा तुकडा पुढे करते. एवढे झाल्यावर एक साधा प्रश्न उरतो. आज रात्री हा बैल बांधावयाचा कोठे? गोठ्यात एक गव्हाण रिकामी आहे. तेथे बांधला, की काम भागले. पण त्याच दावणीला घरचा दुसरा बैल, एक दुभती गाय आणि तिचे वासरू बांधलेले आहे.

मुलांनो, बाजार म्हणजे काय ते तुम्ही पाहिले असेलच. निरनिराळ्या गावांची शेकडो जनावरे तेथे एका मैदानावर उभी असतात, एकाच हौदावर पाणी पितात, एकमेकांची अंगे चाटतात. त्यांतील एखादे आजारी असले, तरी तसे दिसेलच असे नाही. रोगाचे बीज शरीरात शिरल्यापासून लक्षणे उमटेपर्यंत मध्ये काही दिवस जातात. लाळ्या खुरकुतीत हा काळ साधारणपणे दोन ते चौदा दिवसांचा असतो. लंपी त्वचारोगासाठी तो अठ्ठावीस दिवसांपर्यंत धरतात. म्हणजे आज तुकतुकीत दिसणारा बैल पुढच्या आठवड्यात तोंडातून लाळ गाळू लागेल, आणि तोपर्यंत शेजारच्या गाईलाही तो रोग जडलेला असेल.

म्हणून नवे जनावर काही दिवस वेगळे ठेवावे, ही युक्ति जुनीच आहे. एड्रियाटिक समुद्राच्या काठी रागुसा नावाचे बंदर होते. त्यालाच आज दुब्रोवनिक म्हणतात. प्लेगच्या गावांहून येणाऱ्या लोकांनी तीस दिवस शहराबाहेर राहावे, असा नियम तेथे १३७७ साली करण्यात आला. पुढे इतर बंदरांत या तीस दिवसांचे चाळीस झाले. इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या अर्थाच्या शब्दावरूनच ‘क्वारंटीन’ हा शब्द आला आहे.

गुरांच्या बाबतीत हा नियम न पाळल्याने काय होते, याचे भयंकर उदाहरण आफ्रिकेत घडले. १८८७ च्या सुमारास बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडी हा रोग त्या खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला. दहा वर्षांच्या आत तो दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. लक्षावधी गुरे मेली, आणि गुरांवर जगणारी माणसे उपासमारीने मेली. हा रोग २०११ साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, ही त्यातल्या त्यात आनंदाची गोष्ट होय.

पण आपला शेतकरी म्हणेल, “हे सर्व खरे, मात्र पेरणी माझ्यासाठी थांबणार आहे काय?” त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. वेगळे बांधावयाचे तर जागा हवी, बादली हवी, चारा वेगळा टाकावा लागतो. बैल विकत घेऊन त्याला जू न लावता तीन-चार आठवडे नुसता खाऊ घालणे हे लहान शेतकऱ्याला जड जाते. यावर खरा उपाय एकच : बैल मृगाच्या तोंडावर न घेता चैत्र-वैशाखातच घ्यावा. लस टोचून घ्यावयाची, तरी तिचा गुण येण्यास दोन-तीन आठवडे लागतातच.

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. खाऱ्या पाण्यातील मासे बाळगणाऱ्यांपुढे हाच प्रश्न अधिक कठीण रूपाने उभा राहतो. तेथे तर सर्व मासे एकाच पाण्यात श्वास घेतात! एका नव्या माशाबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला, की त्याचे सूक्ष्म जंतू माशावरून गळून तळाशी चिकटतात, तेथे एकाचे अनेक होतात आणि पुन्हा पोहत मासे शोधू लागतात. यावर तांब्याचे औषध चालते. पण त्या औषधाने प्रवाळ, कोळंबी आणि शंखातले जीव मरतात. त्यामुळे मोठ्या टाकीत औषध घालता येत नाही, आणि नवा मासा आधी लहान, रिकाम्या टाकीत ठेवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. गोठ्यात निदान आजारी जनावर बाहेर काढता तरी येते.

वेगळे बांधणे म्हणजे मात्र नुसते चार पावले दूर बांधणे नव्हे. लाळ्या खुरकूत माणसाच्या हातांवरून, कपड्यांवरून आणि चाऱ्यावरूनही जाते. म्हणून आधी घरच्या जनावरांचे वैरणपाणी करावे, नव्याचे शेवटी, आणि मग हातपाय धुवावेत. नव्याचे दावे व बादली इकडची तिकडे करू नये. लंपी तर चावऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत पसरतो. त्यांना अंतराचे काय? तेथे गोचीड वेचणे, धूर करणे आणि गोठा कोरडा ठेवणे हेच उपयोगी पडते. बैल रवंथ करतो की नाही, नाक कोरडे पडले काय, कातडीवर गाठी आहेत काय, हे रोज पाहावे. काही रोग मात्र एवढ्यानेही उघड होत नाहीत. गाईंच्या सांसर्गिक गर्भपातासाठी पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावे लागते.

२०२२ च्या ऑगस्टपासून महाराष्ट्रात लंपीची मोठी साथ पसरली, तेव्हा सरकारने जनावरांचे बाजार बंद केले, शर्यती थांबविल्या आणि जनावरांची ने-आण रोखली. पोळ्याच्या दिवसांत बीड जिल्ह्यातील अनेक गोठ्यांत काळजी शिरली होती. दसरा-दिवाळीनंतर येथील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी बैलगाड्या घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे जातात. कारखान्याच्या तळावर अनेक गावांचे बैल शेजारी शेजारी बांधले जातात. चार-पाच महिन्यांनी ते परत येतात, तेव्हा त्यांना कोणी नवे म्हणत नाही. तो तर आपलाच सर्जा, आपलाच राजा! पण रोगाच्या दृष्टीने तोही बाहेरगावाहून आलेलाच असतो, आणि त्या रात्री त्याचे दावे गोठ्याबाहेरच्या लिंबाखाली बांधावयास हवे.