गाडी मागण्याआधी रूळ मोज

पोरी, वाशीमला आणखी गाड्या हव्यात म्हणून निवेदन घेऊन निघालीस, फार बरं वाटलं. तुझी घाई मला ठाऊक आहे, तरी घटकाभर बस आणि एवढं ऐकून जा.

१. वाशीमवरून जाणारा अकोला–पूर्णा मार्ग सुमारे २१० किलोमीटरचा, पण सगळी लांबी मोजत बसू नकोस. दोन स्टेशनांमधला सर्वांत वेळखाऊ टप्पा हुडक — किती गाड्या धावतील ते तोच ठरवतो.

२. त्या टप्प्यावर वेळ धरायची ती भरलेल्या मालगाडीची — तिला वेग घ्यायलाच वेळ लागतो. धावत्याचं कौतुक करावं, रांगत्याचा हिशेब ठेवावा.

३. २००८ साली मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं, वेग वाढला, डबे वाढले. मार्ग मात्र एकेरीच राहिला — समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींची वाट पाहणं काही सुटलं नाही.

४. आता पेन्सिल घे. दिवसाची मिनिटं १४४०. सरावापुरतं समज, मालगाडीला टप्पा ओलांडायला १५ मिनिटं, आणि गाडी पूर्ण आली हे पाहून पुढच्या गाडीला लाइन क्लिअर, म्हणजे टप्प्यात शिरायची परवानगी, मिळेपर्यंत ५. वीसने भागलंस की ७२. लगेच हुरळून जाऊ नकोस, त्यातले सत्तर टक्केच धर, म्हणजे ५० — बाकीचा वेळ रूळदुरुस्तीला, बिघाडाला, उशिराला लागतोच. रेल्वेत या हिशेबाला स्कॉटचं सूत्र म्हणतात.

५. हे ५० जाणाऱ्या-येणाऱ्या मिळून, मालगाड्या धरून — त्या प्रवाशांच्या वेळापत्रकात दिसत नाहीत, पण रूळ अडवतातच.

६. एखादा दिवस याच मार्गावरच्या जऊळका स्टेशनच्या फलाटावर वही घेऊन बस. क्रॉसिंगला कोणती गाडी किती वेळ थांबली ते टिपून ठेव, आणि गाडी बाजूला घ्यायची लूप लाइन किती लांब आहे तेही विचार — मालगाडी लूपमध्ये मावलीच नाही, तर समोरचीला वाट कशी मिळणार?

७. तोच लांब टप्पा मधे क्रॉसिंग स्टेशन घालून तोडला आणि १५ ची ८ मिनिटं झाली, तर ५० चे ७७ होतात. पण पुढचा लांब टप्पाही मोजून ठेव — पहिला सुटला की तो आडवा येतो.

८. मुंबईची गाडी मागणार असशील तर अकोल्यातही चौकशी कर. तिथून पुढे मुंबई–हावडा मार्गाच्या गर्दीत शिरायचं असतं — आपला रूळ रिकामा असला तरी तिकडची वेळ मिळायला हवी.