खोकी मोजू नकोस

अगं, पगाराबरोबर तुझ्या कॉम्प्युटर कंपनीचे शेअरही मिळणार, हे तुझ्या आईने सांगितलं. छान झालं. पण "मामा, बाजारातून आणखी घेऊन ठेवू का?" असं विचारलंस म्हणून हे सविस्तर लिहितोय. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीचं काहीही वाचताना किती खोकी खपली ते शेवटी बघ. खोक्यामागे कंपनीच्या गाठीला काय राहिलं, ते आधी बघ.

या धंद्यात नाव एकाचं आणि मलिदा दुसऱ्याचा, असं वर्षानुवर्षं चाललं. खोक्यावर नाव कुणाचंही असो, पैसा जायचा प्रोसेसरवाल्या इंटेलकडे आणि विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्टकडे. १९८१ मध्ये ज्या आयबीएमने आपला पीसी आणून बाजार मांडला, तिने २००५ मध्ये तो धंदाच लेनोवोला विकून टाकला. उगीच नाही विकला.

आता डेल बघ. तुझ्या ऑस्टिनमध्येच मायकेल डेलने १९८४ मध्ये वसतिगृहाच्या खोलीत हजार डॉलरवर सुरुवात केली. त्याचं खरं डोकं चाललं हिशेबात. मधला दुकानदारच काढून टाकला. गिऱ्हाईक फोनवर ऑर्डर देऊन कार्डाने पैसे भरणार, मशीन मग जुळणार आणि सुट्या भागांच्या पुरवठादाराला पैसे त्याहून कितीतरी उशिरा. म्हणजे भांडवल दुसऱ्याचं! २००० नंतरच्या वर्षांत त्यांच्याकडे माल असायचा जेमतेम चार-पाच दिवसांचा. हे महत्त्वाचं का, तर या धंद्यातला माल कोथिंबिरीच्या जुडीसारखा. आज घेतलेला प्रोसेसर दोन महिन्यांनी कमी भावात मिळतो. ज्याचं गोदाम भरलेलं, तो बसल्या जागी बुडतो.

म्हणून तिमाही निकाल आला की ताळेबंदातली साठ्याची ओळ काढ. त्या आकड्याला तिमाहीच्या विकलेल्या मालाच्या खर्चाने भाग आणि नव्वदने गुण. किती दिवसांचा माल पडून आहे ते कळेल. तसंच येणी आणि देणी बघ. मागच्या चार तिमाहींचे आकडे शेजारी मांड. विक्री जागच्या जागी आणि साठा चढतोय, असं दिसलं की सावध हो. एआय सर्व्हरच्या मोठ्या ऑर्डरसाठी कधी कधी माल आधी भरून ठेवावा लागतो, ते वेगळं. पण मग पुढच्या तिमाहीत तो विक्रीत दिसलाच पाहिजे.

स्पर्धकाला कधी मोडीत काढू नकोस. १९९७ मध्ये ॲपलची हालत इतकी वाईट होती, की तुम्ही काय कराल असं विचारल्यावर मायकेल डेल म्हणाला, कंपनी बंद करून भागधारकांचे पैसे परत देईन. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पुढच्याच वर्षी टिम कुक कॉम्पॅक सोडून ॲपलमध्ये आला आणि पहिल्यांदा हात घातला तो साठ्यालाच. सॉफ्टवेअर स्वतःचं असल्यामुळे विंडोजचे पैसे कुणाला द्यायचे नव्हते. जानेवारी २००६ मध्ये ॲपलचं बाजारमूल्य डेलच्या वर गेलं.

डेलची युक्ती तोवर सगळ्यांनी उचलली होती. लोक लॅपटॉपकडे वळले. ते तैवानी कंपन्यांकडून तयार होऊन येत आणि गिऱ्हाइकाला हातात घेऊन बघायचे असत. २००७ मध्ये डेलला वॉलमार्टच्या फडताळावर जावंच लागलं. २००० मध्ये ५० डॉलरच्या वर गेलेला शेअर २०१३ मध्ये १३.७५ डॉलरने परत घेऊन मालकाने कंपनी बाजारातूनच काढली. पुन्हा आली ती २०१८ च्या अखेरीस, तीही सर्व्हर आणि साठवणुकीच्या धंद्याचं बळ घेऊन.

"इतका पडलाय, आता आणखी किती पडणार?" असं म्हणणाऱ्यांना गेटवे आठवत नाही. गाईच्या ठिपक्यांची खोकी घरोघर पोचवणारी ही कंपनी २००७ मध्ये एसरने शेअरला १.९० डॉलर देऊन घेतली. १९९४ मध्ये जगात पहिल्या नंबरवर असलेली कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीच्या पोटात गेली.

आणि हिशेब तपासणारा उठून गेला, तर कारणं शोधत बसू नकोस. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या सुपरमायक्रोच्या ऑडिटरने राजीनामा दिल्याची बातमी आली त्या दिवशी शेअर एकतृतीयांशाच्या आसपास कोसळला. नंतरच्या चौकशीत गैरव्यवहार आढळला नाही म्हणतात. पण त्या दिवशी विकून निघालेला माणूस शांत झोपला असणार.

तुझ्यापुरतं सांगायचं तर पगार तिथूनच, बोनस तिथूनच, वर बचतही तिथेच, हे मला मान्य नाही. मिळतील ते शेअर हातात पडले की थोडे विकून पैसे दुसरीकडे टाक. निकालाआधीच्या दिवसांत कर्मचाऱ्यांना खरेदी-विक्रीची बंदी असू शकते, तेव्हा आधी ऑफिसच्या कायदा विभागाला विचार. बाजारातून आणखी मात्र एकही घेऊ नकोस.